नाशिकचे घन इंधन
नाशिक म्हटले की ओझरचा विमान कारखाना आठवतो. पण संरक्षण संशोधन संस्थेचे (डीआरडीओ) ‘ॲडव्हान्स्ड सेंटर फॉर एनर्जेटिक मटेरियल्स’ही याच शहरात आहे. क्षेपणास्त्रांच्या मोठ्या मोटरींत घन इंधन भरण्याचे काम तेथे चालते. अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची पूड आणि रबरासारखा बंधक यांचे दाट मिश्रण निर्वातात मोटरीच्या कवचात ओततात, मंद उष्णतेवर काही दिवस घट्ट होऊ देतात, मग क्ष-किरणांनी आतून तपासतात. एखादी भेग राहिली, तर जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, दाब चढतो आणि कवच फुटू शकते. ही तपासणी करणाऱ्यांचे नाव उड्डाणाच्या बातमीत कधी येत नाही. ते यायला हवे.

भरलेली मोटर वर्षानुवर्षे सज्ज ठेवता येते, म्हणून लष्कराची घन इंधनाला पसंती. इस्रोच्या एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटचे तिन्ही मुख्य टप्पेही घन इंधनाचेच. मात्र तत्परता केवळ इंधनातून येत नाही. सप्टेंबर २०२३मध्ये अमेरिकेने आदेशानंतर २७ तासांत लष्करी उपग्रह सोडला, तोही द्रव इंधनाच्या रॉकेटवरून. उपग्रह, प्रक्षेपणतळ आणि जमिनीवरील नियंत्रण कक्ष तिन्ही आधीपासून सज्ज होते, म्हणून ते जमले. – संपा.