छाट

साकोली तालुक्यातल्या आमच्या गावात बिडी वळणं हे बायांचं काम. माझी माय रात्री तेंदूची पानं ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायची. पहाटे पत्र्याचा साचा ठेवून कैचीनं पान कापायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. चिमूटभर भरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा. तोंडं मोडायला आम्ही पोरं बसायचो. मजुरी हजार बिड्यांमागे. संध्याकाळी माल ठेकेदाराकडे न्यायचा. तिथे मुन्शी वाकडी, पोकळ, फाटकी बिडी बाजूला काढायचा. ही छाट. तिचा पैसा नाही आणि बिडीही परत नाही. मायचा सगळा राग या छाटीवर होता, आणि तो रास्तच होता.

पुढे मी वकील झाले. घरात चालणाऱ्या अशा धंद्यापाशी कायदा किती ठिकाणी अडखळला, ते तेव्हा वाचलं. न्यूयॉर्कमध्ये गरिबांच्या कोंदट चाळींत अख्खी कुटुंबं सिगार वळत आणि तंबाखूतच झोपत. सिगार कामगारांचे पुढारी सॅम्युएल गॉम्पर्स यांनी तरुण आमदार थिओडोर रूझवेल्ट यांना त्या खोल्या दाखवल्या. १८८४ साली तिथे बंदीचा कायदा झाला. १८८५ साली कोर्टानं तो मोडला. माणसानं आपल्या घरात काय काम करावं यात सरकारनं पडू नये, असा त्याचा रोख.

आपल्याकडे मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारनं १९४८ साली कायदा केला तो शेतीला मजूर मिळावेत म्हणून: हंगामात ठरवलेल्या गावांत बिडी वळायची नाही. आमचा भंडारा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात. सागर जिल्ह्यातून दाद मागितली गेली आणि १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली. हा निकाल मला पटतो. ज्या म्हाताऱ्या, अपंग बाया रोवणीला जाऊच शकत नाहीत, त्यांचाही घास तो कायदा काढून घेत होता.

बंदीपेक्षा शहाणा मार्ग १९६६ च्या बिडी-सिगार कामगार कायद्यानं धरला. घरी बसून वळणारी बाईही कामगार, असं त्यानं लिहून ठेवलं. छाटीच्या तंट्याचा झटपट निकाल लावण्याची सोयही त्यात होती. १९७६ मध्ये कल्याण निधी आला, १९७७ मध्ये भविष्यनिर्वाह निधी बिडीला लागू झाला. कारखानदार कोर्टात गेले: या बाया आमच्या नोकर कुठे, त्या तर आपापल्या घरी वळतात! १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं पी. एम. पटेल अँड सन्स खटल्यात उत्तर दिलं. कच्चा माल तुम्ही देता, तयार बिडी नापसंत करून नाकारण्याचा हक्कही तुमचाच. मग देखरेख तुमची आणि बाई तुमची कामगार. जी छाट मायचा पैसा खात होती, तिच्याच आधारावर तिचा हक्क उभा राहिला. मी वाचलेल्या निकालांत याइतका जवळचा मला दुसरा नाही.

पण हक्क मिळतो तो वहीत नाव असेल तिला. माझी काकू मायच्या शेजारी बसून तेवढ्याच बिड्या वळायची आणि त्या मायच्या कार्डावर जायच्या. मायला फंड मिळाला. काकूचं नाव कुठल्याच वहीत नव्हतं. तिला काही मिळालं नाही.