काय वाचावें, काय सोडावें

परभणी जिल्ह्यांतील गंगाखेड तालुक्यांत राणीसावरगांव म्हणून एक गांव आहे. अशा गांवांतील एखाद्या घरीं रात्रीचीं जेवणें आटोपून सारीं माणसें दूरचित्रवाणीसमोर बसलेलीं असतात. पडद्यावर प्रश्न येतो, खालीं चार उत्तरें उमटतात, आणि आजोबांपासून नातवापर्यंत प्रत्येक जण आपापलें उत्तर मोठ्यानें सांगूं लागतो. कोणाचें तरी बरोबर येतें. मग घरांतील एखादा तरुण किंवा एखादी सून मनाशीं म्हणते, 'आपणही त्या खुर्चीवर बसलों तर?' येथपर्यंत सर्व सोपें असतें. खरी अडचण दुसऱ्या दिवशीं सकाळीं सुरू होते. कारण अभ्यासाला बसावयाचें म्हटलें कीं, पहिला प्रश्न उभा राहतो तो हाच कीं, अभ्यास करावयाचा तरी कशाचा?

शाळेच्या परीक्षेला नेमलेलीं पुस्तकें असतात आणि धडा कोठें संपतो हें विद्यार्थ्याला ठाऊक असतें. प्रश्नमंजूषेला तसा अभ्यासक्रम नाहीं. भूगोल, पुराणें, क्रिकेट, सिनेमा, राज्यघटना, पशुपक्षी, राजेमहाराजे, जगांत जें जें म्हणून आहे तें सारें तीत येऊं शकतें. आणि माणसाचे दिवस तर मोजके. म्हणून विषय निवडणें म्हणजे वस्तुतः विषय सोडणें होय. हा निर्णय निरनिराळ्या लोकांनीं निरनिराळ्या काळीं कसा केला, याचा इतिहास सुमारें सत्तर वर्षांचा आहे. तो मनोरंजक तर आहेच, परंतु बोधप्रदही आहे.

सन १९५५ च्या जून महिन्यांत अमेरिकेंत दूरचित्रवाणीवर 'चौसष्ट हजार डॉलरचा प्रश्न' या नांवाचा खेळ सुरू झाला. स्पर्धकानें आपला विषय आपणच निवडावयाचा आणि त्यावरील प्रश्नांचीं उत्तरें देत बक्षीस दुप्पट दुप्पट करीत न्यावयाचें, अशी त्याची रीत होती. जॉइस ब्रदर्स या बाई मानसशास्त्रज्ञ होत्या. परंतु त्यांनीं मानसशास्त्र घेतलें नाहीं, मुष्टियुद्ध घेतलें! एका विदुषीनें ठोसेबाजीच्या इतिहासावर बोलावें, यांत प्रेक्षकांना गंमत वाटणार हें तर उघडच होतें. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, या विषयाला कुंपण होतें. अमुक वर्षीं अमुक सामना झाला, अमुकानें तमक्याला हरविलें, एवढाच त्याचा विस्तार. बाईंनीं त्यावरचे संदर्भग्रंथ पाठ केले आणि त्याच वर्षीं सर्वोच्च बक्षीस मिळविलें. विषय आवडीचा असावा, हें आपण नेहमीं ऐकतों. परंतु तो आटोपशीरही असावा, हें ब्रदर्सबाईंनीं दाखवून दिलें.

तथापि याच सुमारास या खेळाला काळिमाही लागला. 'ट्वेंटी-वन' नांवाच्या दुसऱ्या खेळांत कोलंबिया विद्यापीठांतील चार्ल्स व्हॅन डोरेन या तरुण अध्यापकानें १ लाख २९ हजार डॉलर जिंकले. घरोघर त्याच्या विद्वत्तेचें कौतुक झालें, आईबाप मुलांना त्याचा दाखला देऊं लागले. पुढें ता. २ नोव्हेंबर १९५९ रोजीं अमेरिकेच्या लोकप्रतिनिधींच्या चौकशी-समितीपुढें त्यानें कबूल केलें कीं, आपल्याला प्रश्न आणि उत्तरें अगोदरच मिळत होतीं. १९६० सालीं अशा फसवणुकीविरुद्ध तेथें कायदा झाला. लोकांना दुःख झालें तें डॉलरांचें नव्हे. एका शिकलेल्या माणसानें विद्येचें सोंग आणलें आणि आपण त्याला भुललों, याचें तें दुःख होतें.

विलायतेंत १९७२ सालीं 'मास्टरमाइंड' हा खेळ निघाला. बिल राइट हे त्याचे निर्माते. दुसऱ्या महायुद्धांत ते जर्मनांच्या कैदेंत होते आणि गेस्टापोनें त्यांची झडती-तपासणी केली होती. त्या आठवणींतूनच काळी खुर्ची, अंधार आणि प्रश्नांचा भडिमार, हा थाट त्यांना सुचला. येथें दोन फेऱ्या असत. पहिली स्पर्धकानें निवडलेल्या विषयाची, दुसरी सामान्य ज्ञानाची. एका विषयांत खोल उतरा, पण बाकीच्या जगाकडे पाठ फिरवूं नका, असाच जणूं त्यांतील संकेत होता.

आपल्या देशांत प्रश्नमंजूषा प्रथम रेडिओनें घरोघर नेली. हमीद सयानी व त्यांच्या मागून अमीन सयानी यांची 'बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट' ऐकण्यासाठीं शाळकरी मुलें रविवारची वाट पाहत. १९८५ सालीं दूरदर्शनवर सिद्धार्थ बसू यांचा 'क्विझ टाइम' आला. परंतु या स्पर्धा मुख्यतः शाळा-कॉलेजांच्या होत्या. संसारी माणसाला त्या खुर्चीवर जागा मिळाली ती ता. ३ जुलै २००० रोजीं, 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाल्यावर. पुढें २०१३ सालीं सचिन खेडेकर आणि २०१९ सालीं नागराज मंजुळे यांनीं मराठींतूनही असेच खेळ चालविले, आणि ज्यांना हिंदी-इंग्रजीचा संकोच वाटे त्यांचीही वाट मोकळी झाली. मात्र यांत विषय निवडण्याची सवलत नव्हती. ब्रदर्सबाईंचें कुंपण मोडून पडलें आणि सगळें रान मोकळें झालें.

या मोकळ्या रानांत पहिला कोट्यधीश झाला तो एक मराठी तरुण. मुंबईचे हर्षवर्धन नवाथे यांनीं ऑक्टोबर २००० मध्यें पंधराही प्रश्नांचीं उत्तरें दिलीं. शेवटचा प्रश्न असा होता कीं, संसदेच्या कामकाजांत भाग घेण्याची मुभा राज्यघटना यांपैकीं कोणास देते? उत्तर होतें, महान्यायवादी. घटनेच्या ८८ व्या कलमांत ही तरतूद आहे. मात्र त्याच कलमाप्रमाणें संसदेचा सदस्य नसलेल्या महान्यायवाद्यास मत देतां येत नाहीं. आतां हें कलम नवाथे यांच्यापुढें या खेळापुरतें आलें होतें काय? नाहीं. ते सनदी सेवेच्या परीक्षेची तयारी करीत होते, आणि त्या परीक्षेंत राज्यघटना टाळतां येत नाहीं. एका कामासाठीं केलेला अभ्यास दुसऱ्या कामीं आला. ही गोष्ट लहान दिसते; पण विषयनिवडीचें सारें मर्म तींत आहे.

याच्या उलट टोकाची रीत अमेरिकेंतच पाहावयास मिळते. 'जेपर्डी' या तेथील जुन्या खेळांतले हजारों प्रश्न प्रेक्षकांनीं हौसेनें जमवून ठेवले होते. रॉजर क्रेग या संगणकशास्त्रज्ञानें ते सारे यंत्रांत घातले. कोणते विषय वारंवार येतात, कोणत्या विषयांना अधिक मोल आहे आणि त्यांपैकीं आपण कोठें कच्चे आहोंत, याचा हिशेब मांडला. आणि तेवढेंच वाचलें. सप्टेंबर २०१० मध्यें त्यानें एका दिवसांत ७७ हजार डॉलर मिळवून त्या वेळचा उच्चांक केला. तो उच्चांक २०१९ सालीं जेम्स होल्झहावर यानें मोडला. त्याची युक्ति मात्र शाळामास्तरांना आवडेल अशी होती. अपरिचित विषयासाठीं तो वाचनालयांतून लहान मुलांचीं पुस्तकें आणी. कारण तीं थोडक्यांत, चित्रांसह आणि गोडीनें सांगतात!

त्याच २०१९ सालीं अमरावती जिल्ह्यांतील अंजनगांव-सुर्जीच्या बबिता ताडे यांनीं एक कोटी रुपये जिंकले. शाळेंतील मुलांसाठीं त्या खिचडी शिजवीत, आणि त्यांचा महिन्याचा पगार दीड हजार रुपये होता. त्यांना कोटीचा प्रश्न आला तो बहादुरशहा जफरच्या दरबारांतील कवीचा. १८५७ च्या उठावाची हकीगत सांगणारी 'दास्तान-ए-गदर' कोणीं लिहिली? त्यांनीं जहीर देहलवी हें नांव सांगितलें आणि तें बरोबर ठरलें. पुढचा प्रश्न सात कोटींचा होता. तेथें त्या थांबल्या. उत्तर येणें ही विद्या खरीच. पण आपल्याला काय येत नाहीं हें वेळीं ओळखून थांबणें, हीही विद्याच आहे. तिला पुस्तक नसतें.

आतां राणीसावरगांवच्या त्या घराकडे वळावें. तेथील माणसानें या इतिहासांतून काय घ्यावें? क्रेगचा हिशेब घ्यावा, त्यास यंत्रच पाहिजे असें नाहीं. महिनाभर खेळ पाहून आलेले प्रश्न वहींत विषयवार उतरविले आणि चुकलेल्यांपुढें खूण केली, तरी आपली कच्ची बाजू कळून येते. होल्झहावरची युक्ति घ्यावी. कोनाड्यांत धूळ खात पडलेलीं मुलांचीं जुनीं पाठ्यपुस्तकें काढावीं. इतिहास, भूगोल, विज्ञान आणि नागरिकशास्त्र यांचा पाया तेवढ्यानें पक्का होतो. हें न करतां दिसेल तें ज्ञानकोशाचें पान घोकत बसलें, तर 'एक ना धड, भाराभर चिंध्या' अशी गत होते.

आणि आरंभ कोठून करावा? आपल्या दारापासून. गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमि, आणि तिच्या कांठानें वाहणारी गोदावरी त्र्यंबकेश्वरापासून बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. एवढ्या एका सुताला धरून संतवाङ्मय आणि अर्ध्या दक्षिणेचा भूगोल हातीं येतो. परभणी जिल्हा निजामाच्या राज्यांत होता आणि ता. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं तो मुक्त झाला; त्या धाग्यानें हैदराबादचा संग्राम, संस्थानांचें विलीनीकरण आणि भाषावार प्रांतरचना यांपर्यंत पोंचतां येतें. ज्या जहीर देहलवींच्या नांवानें ताडेबाईंना कोटी रुपये मिळाले, त्या कवीनें दिल्ली उजाड झाल्यावर ठिकठिकाणीं आसरा शोधीत आयुष्याचा अखेरचा काळ हैदराबादेंतच काढला. म्हणजे त्या वेळीं ज्या राज्यांत राणीसावरगांव होतें, त्याच राज्याच्या राजधानींत. दूरचें वाटणारें उत्तर पुष्कळदां असें शेजारीं येऊन बसलेलें असतें.

शेवटीं एक गोष्ट विसरतां येत नाहीं. या खेळासाठीं नांव नोंदविणारे लाखों असतात आणि खुर्चीपर्यंत पोंचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ज्या घरांत तरुण मुलाचें एक एक वर्ष मोलाचें आहे, तेथें बोलावणें येईलच अशा भरंवशावर वर्षें घालविणें परवडत नाहीं. म्हणून कसोटी एकच लावावी. बोलावणें कधींच आलें नाहीं, तरी वाचलेलें वाया जाणार नाहीं, असा विषय निवडावा. मुष्टियुद्धाच्या याद्या बक्षिसानंतर फारशा उपयोगीं पडत नाहींत. परंतु राज्यघटना वाचलेला माणूस ग्रामसभेंत उभा राहून बोलूं शकतो, आणि आपल्या मुलखाचा इतिहास जाणणारी आई तो रात्रीं मुलांना सांगूं शकते. खुर्ची मिळो वा न मिळो, त्या घरांतला अभ्यास सत्कारणीं लागलेला असतो.