सागरचे विद्यापीठ : एका भूमिपुत्राचे दान

मध्य प्रदेशातील सागर हे गाव मराठी माणसाला परके नाही. अठराव्या शतकात गोविंदपंत बुंदेले यांनी येथे पेशव्यांच्या कारभाराचे ठाणे वसविले आणि त्यामागून अनेक मराठी कुटुंबे या तलावाकाठी स्थिरावली. परंतु या गावाला साऱ्या देशात नाव मिळाले ते किल्ल्यामुळे नव्हे, तर विद्यापीठामुळे.

त्याचे संस्थापक डॉ. हरिसिंह गौर यांचा जन्म 1870 साली सागर येथेच एका गरीब कुटुंबात झाला. उच्च शिक्षणासाठी त्यांना घर सोडून नागपूरला जावे लागले आणि पुढे ते केंब्रिजपर्यंत पोहोचले. कायदेपंडित म्हणून त्यांनी कीर्ती आणि संपत्ती दोन्ही मिळविली. 1922 साली ते दिल्ली विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांनी भूषविले. एवढा मान मिळाल्यावर जन्मगावाचा विसर पडणे अस्वाभाविक नव्हते. पण ज्या वाटेने आपल्याला गाव सोडावे लागले, त्या वाटेने जाण्याचे बळ प्रत्येक मुलात नसते, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक असले पाहिजे.

वयाच्या पंचाहत्तरीत, दि. 18 जुलै 1946 रोजी, त्यांनी सागर विद्यापीठाची स्थापना केली. त्यासाठी स्वतःच्या कमाईतून 20 लाख रुपये दिले. हे राजाचे दान नव्हते. वकिलीच्या व्यवसायात एकेक पक्षकारामागे साठविलेला पैसा होता. आरंभी भव्य वास्तू नव्हती. मकरोनिया येथील लष्करी बराकींतच वर्ग भरू लागले. संस्थापकच पहिले कुलगुरू होते. मृत्युपत्रानेही त्यांनी आपल्या संपत्तीचा मोठा हिस्सा विद्यापीठाच्या स्वाधीन केला. 25 डिसेंबर 1949 रोजी त्यांचे देहावसान झाले. लावलेल्या रोपाची अवघी साडेतीन वर्षेच त्यांना पाहता आली. पथरियाच्या टेकडीवर आज पसरलेला विद्यापीठाचा परिसर त्यांच्या पश्चात उभा राहिला. 2009 साली या विद्यापीठास केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी हा इतिहास आठवण्याचे कारण एवढेच की, संस्थेला प्रथम वास्तू लागत नाही. आपल्या कमाईतला वाटा काढून ठेवणारा माणूस लागतो. परप्रांतात आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांनीही आपापल्या परीने तेच केले. वृक्षाची सावली आपल्याला लाभली. रोपे लावण्याची पाळी आता आपली आहे.