तळटीप : यशयाचे भय
* हे शिक्षेचे भय नव्हे. उज्जीया राजा वारला त्या वर्षी, इ.स.पू. ७४०च्या सुमारास, यशयाला देवदर्शन झाले (यशया, अध्याय ६). सहा पंखांचे सराफीम देवदूतसुद्धा तिथे दोन पंखांनी तोंड झाकून घेतात, दोन पंखांनी पाय. उडायला उरतात दोनच. उंबरठे हादरतात, मंदिर धुराने भरून जाते. अशा वेळी यशयाला आठवतात ते आपले अशुद्ध ओठ! तेजापुढे माणसाला आधी स्वतःचा मळ दिसतो, हे मला या अध्यायातले सर्वांत खरे वाटते. मग एक सराफ वेदीवरचा निखारा चिमट्याने उचलून त्याच ओठांना लावतो. निखाऱ्यानंतर मात्र, कोणाला पाठवू असे देव विचारतो तेव्हा, यशया स्वतःहून पुढे होतो.