वहीतील दोन रकाने

इंग्रजीच्या वर्गात साहित्यविषयक संज्ञा शिकण्याची आपल्याकडील रीत जुनी व सर्वपरिचित आहे. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ ओढावी, डाव्या रकान्यात इंग्रजी शब्द लिहावा, उजव्यात मराठी प्रतिशब्द, आणि जोड्या घोकून टाकाव्यात. या रीतीस कोशांचे पाठबळ लाभले. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. पुढे त्यांनी आरंभलेला इंग्रजी-मराठी कोश टॉमस कँडी यांनी पुरा केला व तो १८४७ साली प्रसिद्ध झाला. या परिश्रमांचे ऋण आम्ही मानतो. परंतु दोन रकान्यांमधील ती रेघ म्हणजे बरोबरीचे चिन्ह होय, असा जो समज विद्यार्थ्यांच्या मनात रुजतो, तो कितपत खरा आहे हे तीन शब्दांच्या इतिहासावरून पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

पहिला शब्द ‘नॉव्हेल’. इटालियन भाषेतील ‘नोव्हेला’ या शब्दाशी त्याचे नाते असून नवेपणा हा त्याचा मूळ अर्थ आहे. मराठीने मात्र या नव्या प्रकारास नाव दिले ते फार जुने. हर्षाच्या आश्रयास असलेल्या बाणभट्टाने सातव्या शतकात ‘कादंबरी’ नावाची संस्कृत गद्यकथा रचिली. कादंबरी हे तिच्या नायिकेचे नाव. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली व हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली प्रसिद्ध झाली, आणि अशा लेखनास पुढे एका नायिकेचेच नाव कायमचे चिकटले.

आता हाच शब्द आपल्या निरनिराळ्या गावांतील वर्गांत नेऊन पाहावा. बेळगावच्या कानडी शाळेतही तो ‘कादंबरी’च असतो. बडोद्यास शेजारच्या बाकावरील गुजराती विद्यार्थी ‘नवलकथा’ लिहितो. तेथे इंग्रजी शब्दाचा नाद आणि ‘नवल’ हा देशी शब्द यांचा सुरेख मेळ बसला आहे. इंदूर-ग्वाल्हेरीस हिंदीच्या तासाला ‘उपन्यास’ म्हणतात. पण तोच विद्यार्थी बेळगावी आला तर तेथे ‘उपन्यास’ म्हणजे व्याख्यान! गोव्यात रोमन लिपीतील कोकणी कादंबऱ्यांस पोर्तुगीज वळणाने ‘रोमान्स’ म्हणण्याचा प्रघात पडला, आणि इंग्रजीच्या तासाला ‘रोमान्स’ म्हणजे काही निराळेच असते, हे तेथील मुलास नव्याने शिकावे लागते. डावा रकाना एकच. उजवा मात्र गावागणिक पालटतो.

तरीही या शब्दाने फारसे नुकसान होत नाही, कारण वस्तू डोळ्यांसमोर असते. नुकसान होते ते ‘ट्रॅजेडी’सारख्या शब्दाने. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी ‘ऑथेल्लो’चे भाषांतर १८६७ साली प्रसिद्ध केले, आगरकरांनी ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ १८८३ साली आणले. या नाट्यप्रकारास मराठीत ‘शोकांतिका’ हे नाव रूढ झाले. शब्द सुबक आहे, पण तो केवळ शेवटाकडे बोट दाखवितो. ॲरिस्टॉटलने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात या प्रकाराचा विचार केला तेव्हा त्याने करुणा आणि भीती या भावनांवर भर दिला होता. ख्रिस्तपूर्व ४५८ साली रंगभूमीवर आलेली एस्किलसची ‘ओरेस्टिया’ ही नाट्यत्रयी समेटात संपते. तरी ग्रीकांच्या लेखी ती ट्रॅजेडीच होती. ‘शोकांतिका’ एवढेच पाठ केलेला विद्यार्थी शेवटच्या अंकात प्रेते मोजीत बसतो, आणि नायकाच्या कोणत्या कृतीने हा अनर्थ ओढवला, हा खरा प्रश्न त्याच्या हातून निसटतो.

तिसरा शब्द ‘मेटाफर’. त्याच्यासमोर आपण ‘रूपक’ लिहितो. ‘मुख चंद्रासारखे’ ही उपमा आणि ‘मुखचंद्र’ हे रूपक, येथवर दोन्ही परंपरा हातात हात घालून चालतात. पण मुखाचा उल्लेखच न करता ‘हा पाहा चंद्र उगवला’ असे म्हटले, तर इंग्रजी अध्यापक त्यासही मेटाफर म्हणतील. आपले आलंकारिक मात्र त्यास अतिशयोक्तीचा एक भेद मानतात, कारण तेथे उपमेय उपमानाने गिळून टाकलेले असते. इकडे शाळेत ‘अतिशयोक्ती’ हा ‘हायपरबोली’चा प्रतिशब्द म्हणून शिकविलेला असतो! शिवाय माळव्यात, परमार राजा मुंजाच्या काळी, धनंजयाने ‘दशरूपक’ लिहिले, त्यातील रूपक म्हणजे नाट्य. एका शब्दाच्या पोटात एवढे संसार नांदत असता त्यास एका रेघेपलीकडे कोंडणे न्याय्य कसे ठरावे?

यावर कोणी म्हणेल की, मग प्रतिशब्द सोडूनच द्यावे व इंग्रजी संज्ञा इंग्रजीतच पाठ कराव्या. आम्हांस हे मान्य नाही. स्वभाषेचा आधार नसलेली संज्ञा परीक्षेपुरती जिभेवर राहते, विचारात उतरत नाही. प्रतिशब्द अवश्य शिकावा. पण त्याच्याशेजारी तिसरा एक रकाना आखावा. दोन शब्दांत साम्य कोठवर आणि भेद कोठून, हे त्यात एका ओळीत लिहावे व त्याखाली एक उदाहरण द्यावे. ज्यांच्या कानांवर घरी मराठी वा कोकणी आणि दारी कानडी, गुजराती, हिंदी, तेलुगू किंवा उर्दू पडते, अशा आमच्या मुलांना हा रकाना भरणे इतरांहून सोपे जावे. अनेक भाषांचा गोंधळ म्हणून ज्याची आजवर कीव केली गेली, तेच त्यांचे भांडवल आहे. ते वापरावयास शिकविणे हे आम्हां वडीलधाऱ्यांचे व अध्यापकांचे काम होय.