तळटीप : दिव्याचा रोध

१२. लेखकाने ६० वॉटच्या दिव्याचा रोध ८८० ओहम सांगितला आहे, तो पेटत्या दिव्याचा. हिशेब सोपा आहे. दाब २३० व्होल्ट, धारा ०.२६ अँपिअर, भागाकार केला की रोध, गुणाकार केला की शक्ती. मात्र हाच दिवा होल्डरमधून काढून, गार झाल्यावर मल्टिमीटर लावला तर जेमतेम ६०-७० ओहम दिसतात. मीटर बिघडलेला नसतो. थंड टंगस्टनचा रोध तापलेल्या तारेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असतो. बटण दाबताक्षणी धारा कित्येक पटींनी उसळते ती यामुळेच, आणि जुने दिवे बहुधा नेमके तेव्हाच ‘उडतात’. पहिल्या आवृत्तीत येथे ‘६० व्होल्टचा दिवा’ असे छापले होते; ते दुरुस्त केले आहे. — संपा.