बॉब नाइट यांची हकालपट्टी: विद्यापीठ मोठे की प्रशिक्षक?

१/ १० सप्टेंबर २०००, रविवार. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे अध्यक्ष मायल्स ब्रँड यांनी पत्रकारांसमोर जाहीर केले की, बास्केटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक बॉब नाइट यांना पदावरून दूर करण्यात आले आहे. एका विद्यार्थ्याचा दंड धरल्यामुळे २९ हंगामांची कारकीर्द संपली, असे तेव्हा अनेकांना वाटले. प्रत्यक्षात या निर्णयाची मुळे बरीच खोल होती. (धागा)

२/ प्रथम पार्श्वभूमी. अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉल ही केवळ विद्यार्थ्यांची हौस नाही. सामने देशभर दूरचित्रवाणीवर दिसतात. ब्लूमिंग्टन येथील इंडियाना विद्यापीठाच्या असेंब्ली हॉलमध्ये सुमारे १७,००० प्रेक्षक बसतात. अशा ठिकाणी यशस्वी प्रशिक्षकाचा शब्द विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या शब्दाहूनही वजनदार ठरू शकतो.

३/ नाइट १९७१ मध्ये येथे आले. १९७६, १९८१ आणि १९८७ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदे त्यांनी मिळवून दिली. १९७६ च्या संघाने ३२ पैकी ३२ सामने जिंकले. त्यानंतर कित्येक दशके पुरुषांच्या एकाही विजेत्या संघाला अपराजित राहणे साधले नाही. १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकी संघाचे प्रशिक्षकही तेच होते. त्या संघात मायकेल जॉर्डन होता.

४/ त्यांच्या बाजूने आणखीही बोलण्यासारखे होते. खेळाडूंच्या भरतीत नियम मोडल्याचा डाग त्यांच्यावर नव्हता. खेळाडूंनी पदवी पूर्ण करावी, असा त्यांचा आग्रह असे. विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी त्यांनी निधी उभारला. म्हणूनच त्यांचे समर्थक केवळ विजयांचे भुकेले होते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

५/ दुसरी बाजूही तितकीच जुनी होती. १९७९ मध्ये प्वेर्तो रिकोतील पॅन अमेरिकन स्पर्धेच्या वेळी एका पोलिसावर हात उगारल्याच्या प्रकरणात तेथील न्यायालयाने त्यांना अनुपस्थितीत दोषी ठरवले. २३ फेब्रुवारी १९८५ रोजी पर्ड्यूविरुद्धच्या सामन्यात पंचांवर संतापून त्यांनी प्लॅस्टिकची खुर्ची मैदानात भिरकावली. शिक्षा झाली ती एका सामन्याच्या निलंबनाची.

६/ प्रत्येक प्रसंगानंतर वादळ उठे आणि शमे. विद्यापीठाने नाइट यांना सांभाळून घेतले, कारण संघ जिंकत होता. मात्र १९९४ नंतरच्या सहा हंगामांत इंडियानाचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीपलीकडे एकदाही गेला नाही. आता विजयांचे कवच विरळ झाले होते.

७/ मार्च २००० मध्ये नील रीड या माजी खेळाडूने सरावात नाइट यांनी आपला गळा धरल्याचा आरोप केला. नाइट यांनी तो नाकारला. एप्रिलमध्ये १९९७ च्या सरावाची चित्रफीत दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. नाइट यांचा हात रीडच्या मानेवर स्पष्ट दिसत होता. खेळाडूचा शब्द विरुद्ध प्रशिक्षकाचा शब्द, हा वाद तेथेच संपला.

८/ तरीही मे महिन्यात ब्रँड यांनी नाइट यांना काढले नाही. ३०,००० डॉलर दंड, तीन सामन्यांचे निलंबन आणि यापुढे कोणतेही गैरवर्तन खपवून घेतले जाणार नाही, अशी अट एवढ्यावर प्रकरण मिटले. टीकाकारांना हा निर्णय दुबळा वाटला. पण याच अटीमुळे, पूर्वी ज्याकडे काणाडोळा झाला असता असे किरकोळ वर्तनही आता निर्णायक ठरणार होते.

९/ सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच तसा प्रसंग आला. नव्याने दाखल झालेल्या एका विद्यार्थ्याने असेंब्ली हॉलमध्ये नाइट यांना नुसत्या आडनावाने हाक मारली. नाइट यांनी त्याचा दंड धरून त्याला सुनावले. आपण केवळ शिष्टाचार शिकवला, असे त्यांचे म्हणणे होते.

१०/ ब्रँड यांनी मात्र हा एकच प्रसंग पुढे केला नाही. मे महिन्यानंतरही वरिष्ठांशी असहकार व विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांशी उद्धटपणा चालूच राहिला, असे त्यांनी सांगितले. त्यांनी राजीनाम्याचा पर्याय दिला. नाइट यांनी तो नाकारला आणि बडतर्फी अटळ झाली.

११/ त्या रात्री हजारो विद्यार्थी ब्रँड यांच्या निवासस्थानावर चालून गेले. तक्रारदार विद्यार्थ्याला धमक्या आल्या. तीन दिवसांनी डन मेडो या पटांगणावरील निरोपाच्या भाषणात खुद्द नाइट यांनी त्या मुलाला दोष देऊ नका, असे आवाहन केले. ज्या विद्यापीठाने तीन दशके एका माणसाला संस्थेपेक्षा उंच होऊ दिले, त्याच विद्यापीठाच्या अध्यक्षांना आता आपल्याच विद्यार्थ्यांचा रोष झेलावा लागत होता.

१२/ पुढे काय झाले? नाइट २००१ मध्ये टेक्सास टेक विद्यापीठात गेले आणि २००८ मध्ये ९०२ विजयांसह निवृत्त झाले. त्यांचे सहायक माइक डेव्हिस यांच्या हाती आलेला इंडियानाचा संघ २००२ मध्ये थेट अंतिम सामन्यात पोहोचला; तेथे मेरीलँडकडून हरला. ब्रँड २००३ मध्ये महाविद्यालयीन क्रीडा क्षेत्राच्या राष्ट्रीय संघटनेचे प्रमुख झाले.

१३/ ब्रँड यांचे २००९ मध्ये निधन झाले. नाइट यांनी विद्यापीठाशी अबोला धरला तो जवळपास वीस वर्षे. ८ फेब्रुवारी २०२० रोजी ते असेंब्ली हॉलमध्ये परतले, तेव्हा प्रतिस्पर्धी पुन्हा पर्ड्यूच होता आणि सारे प्रेक्षागृह उभे राहिले. १ नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांचे निधन झाले.

१४/ या प्रकरणाकडे तापट माणसाची शोकांतिका म्हणून पाहिले जाते. पण इतिहासाच्या अभ्यासकाने प्रश्न संस्थेला विचारायला हवा. १९७९ आणि १९८५ मध्ये जी मर्यादा आखता आली असती, ती २००० मध्ये का आखावी लागली? त्या विलंबाची किंमत नाइट यांनी मोजली, ब्रँड यांनी मोजली; पण सर्वांत आधी मोजली ती सरावाच्या मैदानावर गप्प राहिलेल्या खेळाडूंनी.